लेसरवालीच्या कानात लेसर

डॉक्टर म्हणाले, "लेसरने करूया," आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची शेड उभी राहिली.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. तीन किलोवॅटचं फायबर लेसर मशीन, पत्रा वाकवणारा एक प्रेस ब्रेक, मागे कॉम्प्रेसर. कोपऱ्यात एक जुनं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं लेसर मशीन, ज्यावर आम्ही सुरुवातीला ॲक्रिलिकच्या नेमप्लेटा कापायचो. ड्रॉइंग, नेस्टिंग (एका पत्र्यावर तुकडे बसवणं), प्रोग्राम हे सगळं माझ्याकडे. सहा एमएमची लोखंडी प्लेट कापताना खाली ठिणग्यांचा जो सडा पडतो, तो मी बारा वर्षं रोज बघते आहे. तसलंच काहीतरी माझ्या कानात घालणार म्हटल्यावर घाबरायला मला गुगलची गरज पडली नाही.

पण आधी कानाचं सांगते.

धाकटीच्या बाळंतपणानंतर उजव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत. फोन डाव्या कानाला जायला लागला, जेवायला बसताना मी आपोआप भिंतीकडची जागा धरायला लागले. सासूबाईंना वाटायचं, सूनबाई मुद्दाम ओ देत नाही. गंमत अशी की शेडमध्ये मला व्यवस्थित ऐकू यायचं. प्रेस चालू, कॉम्प्रेसर चालू, आणि हेल्परने लांबून विचारलेलं मला कळायचं. आमच्या ह्यांना नाही कळायचं. घरी आल्यावर शांततेत मात्र मी "काय? काय?" करत बसणार. "हिला फक्त पैशाचं ऐकू येतं," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य.

पहिल्या ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी "काय काम करता?" विचारलं, कारखाना म्हटलं आणि तिथेच निकाल लागला. आवाजाने नस खराब झाली आहे, आता कानाला मशीन लावा. कानात प्रकाश टाकून पडदा तेवढा बघितला. बाकी तपासणी काही नाही. मीही मग कामाच्या धबडग्यात दोन वर्षं घालवली. दोष सगळा त्यांचा कशाला द्यायचा, मलाही "कारखान्याचा आवाज" हे उत्तर सोयीचंच वाटलं होतं.

दुसरे डॉक्टर गंगापूर रोडवरचे. एका नातेवाइकांनी सुचवलेले. त्यांनी ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) कोपरावर आपटला आणि कपाळाच्या मधोमध टेकवला. "आवाज कुठल्या कानात येतोय?" मी म्हटलं, उजव्या. म्हणजे बहिऱ्या कानात! मला वाटलं मी काहीतरी चुकीचं सांगितलं. मग तो कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर ठणठणीत, समोर धरला की अर्धा. डॉक्टर मान हलवत राहिले आणि एकदम म्हणाले, "ताई, तुम्हाला गोंगाटात जास्त बरं ऐकू येतं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे.

याला वैद्यकात नाव आहे आणि ते सतराव्या शतकातल्या थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या नावाने ओळखलं जातं. त्याने एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. ढोल वाजत असला तरच तिला बोललेलं ऐकू यायचं, म्हणून नवऱ्याने ढोल वाजवणाराच नोकर ठेवला होता. आपल्याकडे गणपतीत फुकट सोय झाली असती. कारण साधं आहे. गोंगाटात बाकीचे लोक नकळत मोठ्याने बोलतात, आणि आमच्यासारख्यांच्या कानात गोंगाट अर्धाच शिरतो; बोलणं तेवढं वर राहतं.

ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, आलेखाने उरलेलं सांगितलं. आवाजाने कान गेला की साधारण 4000 हर्ट्‌झपाशी खड्डा दिसतो, आणि हवेतून येणारा व हाडातून येणारा आवाज दोन्ही सारखेच खाली जातात. माझ्या दोन रेषांमध्ये मोठी फट होती. हाडातून जवळजवळ सगळं ऐकू येत होतं, हवेतून नाही, आणि हाडाच्या रेषेत छोटा खड्डा 2000 पाशी. म्हणजे नस शाबूत, अडथळा मधल्या कानात. ओटोस्क्लेरोसिस.

शाळेत हातोडी, ऐरण, रिकीब असं पाठ केलं होतं. त्यातली रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, उंची जेमतेम तीन मिलिमीटर. तिचा तळवा आतल्या कानाच्या खिडकीत बसलेला असतो आणि पिस्टनसारखा आत-बाहेर हलतो. या आजारात खिडकीच्या कडेला नवं हाड वाढतं आणि तळवा जाम होतो. गंजलेली बिजागरी, मी मनात म्हटलं. बायकांमध्ये जास्त, आणि घराण्यात चालणारा. तेव्हा मला निफाडची आई आठवली. चाळिशीतच रेडिओ मोठा लावायची, आणि आम्ही भावंडं हसायचो.

उपाय तीन: काही न करणं, श्रवणयंत्र, किंवा ऑपरेशन. यंत्र या आजारात चांगलं चालतं, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. ऑपरेशनमध्ये रिकिबीची वरची कमान काढायची, तळव्याला पाऊण मिलिमीटरच्या आसपास भोक पाडायचं आणि त्यात टेफ्लॉनचा बारीक पिस्टन बसवून त्याचा आकडा ऐरणीला अडकवायचा. अमेरिकेत जॉन शे यांनी 1956 मध्ये रिकीब काढून टेफ्लॉनची नकली बसवली, तिथून हा रस्ता सुरू झाला. धोका: शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो. यंत्र लावूनही उपयोग होणार नाही, इतका. म्हणून दोन्ही कान एकदम कधीच करत नाहीत, आणि आधी जास्त बिघडलेला कान. भोक पाडायला हाताने फिरवायची सुई, बारीक ड्रिल किंवा लेसर.

आणि मग ते वाक्य.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण लेसर तापतो म्हणून नव्हे. लेसरवाल्याला तापण्याची भीती नसते. आठवत होतं ते ॲक्रिलिक. सीओटूवर नेमप्लेट कापताना वरून कट आरशासारखा यायचा, आणि तुकडा उलटा केला की खालच्या बाजूला डाग. किरण ॲक्रिलिक कापून पलीकडे गेला, खालच्या जाळीवर आपटला आणि उलटा फिरून माल खराब केला. सुरुवातीचे कितीतरी तुकडे असे वाया गेले. कापणं कधीच अवघड नसतं. कापून झाल्यावर जो प्रकाश उरतो, तो कुठे जातो, हा प्रश्न असतो. पत्र्याखाली आमच्या पट्ट्या असतात, त्या झिजल्या की बदलतो. हाडाखाली काय आहे?

पुढच्या भेटीला मी वहीच घेऊन गेले. पहिला प्रश्न: कोणता लेसर?

डॉक्टर जरा चमकले. पेशंट सहसा "लेसर चांगला ना?" एवढंच विचारतात म्हणे. पण ज्याने फायबर आणि सीओटू दोन्ही वापरलेत त्याला माहीत असतं की "लेसर" हा शब्द "गाडी" इतकाच मोघम आहे. फायबरचा किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो, ॲक्रिलिकला पत्ता लागत नाही. सीओटूचा किरण तिथेच शोषला जातो. सगळा खेळ तरंगलांबीचा.

कानाचंही तेच निघालं. खिडकीच्या पलीकडे पाणी आहे. आतल्या कानातलं स्वच्छ, पारदर्शक पाणी. आणि त्या पाण्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर तोलाच्या इंद्रियाची नाजूक पिशवी. 1980 मध्ये रॉडनी पर्किन्स यांनी या ऑपरेशनसाठी पहिल्यांदा वापरला तो आर्गॉन लेसर, निळा-हिरवा, डोळ्याला दिसणारा. नंतरचा केटीपी नावाचा लेसर, तो हिरवा. हा दिसणारा प्रकाश रक्ताच्या लाल रंगात छान शोषला जातो, पण पांढऱ्या हाडात कमी आणि स्वच्छ पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून पहिल्या शॉटने हाडावर काळा ठिपका पाडायचा आणि पुढचे शॉट त्या काळ्यावर मारायचे. असे लेसर वर्षानुवर्षं चांगल्या हातांत नीट चालले आहेत, कारण काचेच्या बारीक तंतूच्या टोकातून निघालेला किरण लगेच फाकतो आणि पुढे त्याचा जोर उरत नाही. पण तत्त्वतः पाणी त्याला अडवत नाही.

"आमच्याकडे सीओटू आहे," डॉक्टर म्हणाले. "तरंगलांबी 10.6 मायक्रॉन."

मला हसू आलं. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या आमच्या मशीनचा आकडा! सीओटूला पाणी म्हणजे भिंत. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच तो संपतो. हाडातही पाणी असतं, म्हणून हाडही कापतो. (हा लेसर 1964 मध्ये बेल लॅब्समध्ये बनवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. हे मला मशीन घेतानाच सप्लायरने सांगितलं होतं, बहुधा किंमत कमी करायची नव्हती म्हणून.)

दुसरा प्रश्न: मग पाणी तापत नाही का?

तापतं. म्हणून ताकद माझ्या मशीनच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी, काही वॅट. एकेक शॉट सेकंदाच्या छोट्या भागापुरता. आणि दोन शॉटमध्ये थांबायचं. भोक एका फटक्यात पाडायचं नाही. ठिपक्याशेजारी ठिपका असं फुलासारखं मारत जायचं आणि मधला चुरा अलगद काढायचा. आमच्याकडे जाड प्लेटला पीअर्सिंग, म्हणजे पहिलं भोक, असंच टप्प्याटप्प्याने करतात, नाहीतर वितळलेलं लोखंड उसळून नोझलवर येतं. "आणि तळवा फारच जाड निघाला तर?" "तर लेसर बाजूला ठेवून ड्रिल घेईन. जाड हाडावर शॉटमागून शॉट मारणं म्हणजे आत उष्णता साठवणं." हे उत्तर मला सगळ्यात आवडलं. हत्यारावर प्रेम नसलेला कारागीर भरवशाचा.

तिसरा प्रश्न मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता: पलीकडचं पाणीच नसेल तर?

डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. "बरोबर जागी बोट ठेवलंत. पाणी आहे तोवर पाणीच ढाल. भोक उघडल्यावर चुकून सक्शनने ते ओढून घेतलं तर आतली नाजूक पिशवी उघडी पडते. त्यामुळे खिडकी उघडली की सक्शन तिच्या तोंडाशी न्यायचं नाही, आणि कोरड्या खिडकीत लेसर मारायचा नाही. नियमच आहे."

खिडकीच्या अगदी वरून चेहऱ्याची नस जाते, आणि काही लोकांत तिच्यावरचं हाडाचं कवच जन्मतःच नसतं. तिथे ओला स्पंज ठेवायचा. एर्बियम नावाचा लेसर हाड याहूनही साफ कापतो, पण प्रत्येक शॉटला आत फटाक्यासारखा दणका बसतो, आणि कान म्हणजे दणके मोजायचंच यंत्र. म्हणून तो आपला नाही, असंही ते म्हणाले.

"लेसरने ऐकू जास्त येतं का?" हे ह्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न खर्चाचा होता, लेसरचे वेगळे पैसे होते.

"नाही. चांगल्या हातात ड्रिलने आणि लेसरने ऐकण्याचा निकाल जवळजवळ सारखाच लागतो." मग कशाला? तर लेसर हाडाला ढकलत नाही. सुईने किंवा ड्रिलने दाबताना अर्धवट जाम झालेला तळवा एखाद्या वेळी सुटून आत बुडू शकतो, आणि मग तो काढायला जाणं म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढणं. रिकिबीचे पाय आणि तिला धरणारा स्नायूचा दोराही लेसरने न ओढता तुटतो. "माझा हात यावर बसलाय," ते म्हणाले. "ड्रिलवर हात बसलेल्या सर्जनकडे गेलात तर त्याला लेसरचा आग्रह करू नका."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला कान सोडून सगळ्याची भीती वाटत होती. भूल कानापुरतीच, वर झोपेचं थोडं औषध. दारावर लेसर चालू असल्याची पाटी. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, कानाभोवतीची कापडंही ओली. सिस्टर म्हणाली, "स्पिरिट वाळू दे, मग पुढचं." ऑक्सिजनची नळीही गरजेपुरतीच. मी कापडाखालून मान हलवली, म्हणजे मनातल्या मनात. मान हलवायची नाही असं बजावलं होतं. ऑक्सिजन, स्पिरिट आणि किरण एकत्र आले की काय होतं, ते शिकायला आम्हाला शेडमध्ये एक जळका फडका पुरला होता.

पट्ट्या ठेवायच्या आधी मात्र मी एक गोष्ट बघितली आणि जीव शांत झाला. सीओटूचा किरण दिसत नाही, म्हणून सोबत लाल ठिपका सोडतात. लाल ठिपका एकीकडे आणि खरा किरण दुसरीकडे असं झालं, तर मिलिमीटरच्या कामात संपलंच. डॉक्टरांनी जीभ दाबायची लाकडी पट्टी धरून तिच्यावर एक शॉट मारला. काळा डाग ठिपक्यावरच पडला का, ते मायक्रोस्कोपमधून बघितलं. मीही रोज सकाळी नोझलला सेलोटेप लावून शॉट मारते, भोक मधोमध आलं की मगच पत्रा चढवते.

पुढचं सगळं आवाजात आठवतं. कानाच्या नळीची पुढे आलेली हाडाची कड खरवडली, अगदी डोक्याच्या आत कुणी नारळ खवतंय तसं. ते लेसरचं काम नव्हतंच, साध्या हत्याराचं होतं. मग बराच वेळ शांतता. मग "लेसर ऑन". टिक. थांबणं. टिक. जळक्या नखासारखा वास आला आणि लगेच गेला, धूर ओढून घेत होते. मी शॉट मोजायला लागले, सवयच ती. अकरापर्यंत मोजले आणि एकदम टेबल डावीकडे कललं. मी म्हटलं, "चक्कर." सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "थांबलोय. काही करत नाही. सांगा, गेली की." किती वेळ गेला कोण जाणे, मिनिट असेल, मला शिफ्टएवढा वाटला. तेवढ्या वेळात मी त्या पाण्याचा विचार करत होते. आहे ना जागेवर?

टेबल सरळ झालं. "हं," मी म्हटलं. आणखी दोन-तीन टिक, मग हातांची बारीक कामं, मग कसलातरी हलका धक्का, आणि उजव्या बाजूने, इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजव्या बाजूने, स्टीलच्या ट्रेमध्ये चिमटा पडला. खण्ण! मी दचकले. "हलू नका," डॉक्टर म्हणाले, आणि मग अगदी हळू आवाजात, "काय खाल्लं होतं काल रात्री?"

"खिचडी," मी म्हटलं, आणि कापडाखाली रडायला लागले.

नंतर कानात स्पंज भरला आणि ते सगळं पुन्हा बंद. "हसून दाखवा, डोळे घट्ट मिटा," चेहऱ्याची नस ठीक. घरी सिडकोत येताना रिक्षाने मायको सर्कलच्या पुढे जो खड्डा घेतला, त्याने नाशिक महानगरपालिकेबद्दल माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही. तीन दिवस भिंत धरून चालले. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, जड उचलायचं नाही, कानात पाणी नाही, विमान नाही. मी विचारलं, कसारा घाट? डॉक्टर हसले. "घाटाने एवढं होत नाही. पण महिनाभर नाही उतरलात तर मला झोप लागेल."

एका गोष्टीची तयारी मी केली नव्हती, खरं तर सांगितली होती पण मी ऐकली नव्हती. जिभेच्या चवीची बारीक नस कानाच्या पडद्यामागून जाते आणि वाट करताना ती बाजूला सारावी लागते. दीड-दोन महिने उजवी जीभ नाणं चाटल्यासारखी. रविवारी घरात सगळ्यांनी मिसळ आणली, आणि काळ्या मसाल्याची ती तर्री मला अर्ध्या तोंडाला झणझणीत आणि अर्ध्या तोंडाला तांब्याची लागली. लेसरबद्दल चौदा प्रश्न विचारणाऱ्या बाईने चवीबद्दल एक विचारला नव्हता.

सहा आठवड्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री. दोन रेषांमधली फट जवळजवळ बुजली होती. डाव्या कानातही आजाराची सुरुवात आहे. त्याला निदान वर्षभर हात लावायचा नाही, हा कान कसा टिकतो ते बघून मग ठरवायचं. कार्डावर पिस्टनचं माप आणि टेफ्लॉन असं लिहून दिलंय, पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर दाखवायला.

शेडमध्ये परतले त्या दिवशी प्रेस ब्रेक खाली आला आणि मी जागच्या जागी उडाले. कॉम्प्रेसर असा ओरडतो? बारा वर्षं हा असाच ओरडत होता? हेल्पर पत्र्यापाशी उभा राहून काहीतरी सांगत होता, ओठ हलताना दिसत होते. मी ड्रॉवरमधून इअरप्लग काढला, उजव्या कानात घातला आणि ओरडले, "काय?"

आमचे हे प्रेसपाशी उभे होते. त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं.